खडखडीचे वाचन

मराठी शिकवणाऱ्या माणसाला मोटारीतले काय कळणार, असे सेवाकेंद्राच्या व्यवस्थापकांनी उघड म्हटले नाही; पण त्यांच्या स्मितात ते होते. सात महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी सातारा–कोरेगाव रस्त्यावर गतिरोधक ओलांडताना पुढच्या डाव्या बाजूने खडखडे. मणक्याची शस्त्रक्रिया झालेले वडील प्रत्येक वेळी डोळे घट्ट मिटून घेत. आरशातून ते मला दिसे.

गाडी तीनदा दाखवली. पहिल्या खेपेस नटबोल्ट आवळले, दुसऱ्या खेपेस शॉक ॲब्सॉर्बर बदलला, तिसऱ्या खेपेस ‘सगळं ओके आहे, सर’ असे ऐकवले. खडखड परतली. आता भांडायचेच, म्हणून पुरावे शोधायला जुनी जॉबकार्डे काढली. तिन्हींवर तक्रारीच्या रकान्यात एकच शेरा होता: ‘जनरल चेकअप’. खाली माझी सही. शब्द न् शब्द तपासून वाचा, असे वर्गात बजावणाऱ्या मी ती न वाचताच ठोकली होती. कागदोपत्री माझी तक्रार जन्मलीच नव्हती.

मग संताप बाजूला ठेवून पत्र लिहिले. विशेषणे गाळली. तिन्ही भेटींच्या तारखा, किलोमीटरचे आकडे, आवाज येतो तो वेग लिहिला. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवले तरी ‘कट्’ असा आवाज होतो, हेही लिहिले. अखेरीस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते, एवढे नमूद करून पोच घेतली.

दोन दिवसांनी बोलावणे आले. या वेळी एक वयस्क मेकॅनिक पत्र हाती घेऊन शेजारी बसले. स्टिअरिंग वळवायला लावून ते म्हणाले, “शॉक ॲब्सॉर्बर नवा टाकला, पण वरचं माउंट जुनंच बसवलंय. त्याचं रबर गेलंय. हे स्टिअरिंगचं आमच्याकडं लिहून आलंच नव्हतं, सर.”

माउंट वॉरंटीत बदलून मिळाले. व्यवस्थापकांनी दिलगिरी व्यक्त केली. मला मात्र माझा वाटा विसरता येईना. नव्या जॉबकार्डावर सही करताना मी इतका वेळ लावला, की मागची रांग कुरकुरली.

पुढच्या रविवारी कोरेगावला निघालो. गतिरोधक आला. आरशात पाहिले. वडील खिडकीबाहेर ऊस पाहत होते.