गेमचा वेग आणि आईची खतावणी



"आपला कॉम्प्युटर फार स्लो आहे, नवा घेऊया" हे वाक्य आजकाल बहुतेक घरांत ऐकू येते. आमच्या घरी ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, चिरंजीवांची दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात सुरू झाले. मी हुबळीत गोकुळ रोडवरील औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे लेथवर काम करतो. संगणक हा काही माझा विषय नाही. पण वेग, उष्णता आणि वेगापायी जळणारे टूल हा माझा रोजचा विषय आहे. म्हणून त्या उन्हाळ्यात घरी जे घडले ते वार्तापत्रासाठी लिहावेसे वाटले.

आमचा संगणक साधाच. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ३ ३२००जी हा २०१९ साली बाजारात आलेला प्रोसेसर, आठ जीबीची एकच रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे काम प्रोसेसरमध्येच बसवलेला ग्राफिक्सचा भाग करतो. सकाळी या संगणकावर आमच्या सौ. टॅली उघडून दोन दुकानांचे हिशेब लिहितात, जीएसटीची विवरणे तयार करतात. संध्याकाळी चिरंजीव त्याच्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळतात. म्हणजे एकाच बैलाने सकाळी नांगर ओढायचा आणि संध्याकाळी शर्यतीत पळायचे!

नवा गेमिंग संगणक साठ हजारांच्या घरात जात होता. तो घेणे शक्य नाही हे कळल्यावर चिरंजीवांनी दुसरा प्रस्ताव मांडला. "अप्पा, ओव्हरक्लॉक करू. फुकटात स्पीड मिळतो."

"लेथवर फुकटचा स्पीड मला तरी अजून दिसला नाही," मी म्हणालो.

सौ. एवढेच म्हणाल्या, "तुमचं काय ते करा, पण माझी खतावणी त्यात आहे. ते पैसे आपले नाहीत, लोकांचे आहेत."

आता ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर काम करतो आणि सेकंदाला किती ठोके पडावेत हे कंपनीने ठरवून दिलेले असते. त्याहून जास्त ठोक्यांवर तो चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. हे शक्य कसे होते? धारवाडकडच्या आपूसच्या बागा आपल्या परिचयाच्या आहेत. एकाच झाडाचे आंबे उतरवून पहिला, दुसरा, तिसरा असा माल निवडतात. प्रोसेसरचेही तसेच आहे. एकाच चकतीवर तयार झालेल्या चिपा तपासून त्यांची प्रतवारी लावतात. पण बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगल्या चिपाही कमी वेगाचा शिक्का मारून विकल्या जातात. ओव्हरक्लॉकिंग करणारा त्या शिक्क्यापलीकडची क्षमता शोधत असतो.

याचे गाजलेले उदाहरण १९९८ चे. इंटेलने त्या वर्षी सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. ६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि साडेचारचा गुणक मिळून तो सुमारे ३०० मेगाहर्ट्झवर चाले. लोकांनी मूळ ठोका १०० केला आणि तो ४५० वर पळू लागला. २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन व अ‍ॅथलॉन प्रोसेसरांवरील तुटक रेषा साध्या शिसपेन्सिलीने जोडून त्यांचा गुणक मोकळा करता येई. पेन्सिलीतले ग्राफाइट विजेचे वाहक असते, त्याचा हा उपयोग. तेव्हा चिरंजीवांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

मात्र या वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नववी-दहावीच्या मुलांनी गणित करून पाहावे. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर १.१ × १.१ × १.१ म्हणजे सुमारे १.३३. काम वाढले फार तर दहा टक्के, उष्णता वाढली तेहतीस टक्के. आमच्या लेथवरही हेच. वेग थोडा वाढवला तरी टूलचे आयुष्य कितीतरी पटीने घटते आणि कूलंट कमी पडले की टोक निळे पडते. मोठमोठ्या कंपन्यांनाही उष्णतेपुढे नमते घ्यावे लागले. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला आणि त्यानंतर एका चिपेत दोन, चार, आठ गाभे बसवण्याची वाट धरली गेली. २०२२ च्या डिसेंबरात एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली खरी, पण त्याला थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागले. आमच्या घरी एप्रिलच्या दुपारी छताचा पंखा, तोही वीज असेल तर!

सौ.नी अखेर तीन अटींवर परवानगी दिली. रोजच्या हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती कपाटात ठेवायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. आणि रात्रभराची चाचणी नीट पार पडल्याशिवाय दुसऱ्या दिवशी टॅली उघडायची नाही.

पहिले दोन दिवस चिरंजीवांनी काहीच बदलले नाही, फक्त मोजले. गेम चालू असताना प्रोसेसर किती राबतो, ग्राफिक्सचा भाग किती, तापमान किती, सेकंदाला किती चित्रे उमटतात, सारे वहीत उतरवले. प्रोसेसर निम्म्याहून थोडाच जास्त राबत होता. ग्राफिक्सचा भाग मात्र पूर्ण भरलेला होता, आणि चित्रे सेकंदाला तीसच्या आसपास. म्हणजे प्रोसेसरचा वेग वाढवून काहीच हाती लागले नसते. काम अडत होते दुसरीकडे.

कुठे अडत होते? पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही बाजूंना चौपदरी झाला, पण मधला आपला हुबळी-धारवाड बायपास वर्षानुवर्षे दुपदरीच राहिला. गाडी कितीही दमदार असली तरी तिथे ट्रकच्या मागेच राहावे लागे. आमच्या संगणकात तो बायपास म्हणजे रॅम. वेगळे कार्ड नसल्याने ग्राफिक्सचा भाग चित्रांची माहिती त्याच रॅममधून ओढतो आणि रॅम एकच असल्याने रस्ता एकपदरी. २४०० च्या वेगाने चालणारी एक रॅम सेकंदाला सुमारे १९ गिगाबाइट माहिती पुरवते. तशीच दुसरी शेजारी योग्य खाचेत बसवली की रस्ता दुपदरी होऊन तोच आकडा ३८ वर जातो.

मग आम्ही दोघे कोप्पीकर रोडजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदारांनी चिरंजीवांची वही शांतपणे वाचली, एक आठ जीबीची रॅम काढून दिली आणि ओव्हरक्लॉकिंगचा विषय निघताच हसून म्हणाले, "बिसी भाळ आगतद री!" फार तापते, हे सांगायला त्यांना वेगळे गणित लागले नाही. रॅमबरोबर एक एसएसडी, थर्मल पेस्टची नळी आणि छोटा यूपीएस घेतला. सगळे मिळून साडेसहा-सात हजार झाले.

आधी साफसफाई. पंख्याच्या जाळीत काळ्या मातीची धूळ बोटभर साचली होती. ती काढून, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावल्यावरच तापमान काही अंशांनी उतरले. नंतर दुसरी रॅम बसवली. शर्यतीच्या गेममध्ये तीसच्या ठिकाणी पंचेचाळीसच्या आसपास चित्रे दिसू लागली. एसएसडीने गेम अधिक पळत नाही, पण संगणक चटकन सुरू होऊ लागला आणि सौ.ची टॅली क्षणात उघडू लागली. इथवर ओव्हरक्लॉकिंगचा एक ठोकाही वाढवला नव्हता.

आता चिरंजीवांची हौस. आमच्या मदरबोर्डावर वेग बदलण्याची मुभा आहे. सगळ्याच बोर्डांवर आणि सगळ्याच प्रोसेसरांना ती नसते. दोन्ही रॅमवर ३२०० हा आकडा छापलेला होता, म्हणून त्याने वेग २४०० वरून ३२०० केला. गेम सुरेख चालला. संगणक एकदाही बंद पडला नाही. चिरंजीव आनंदात झोपायला निघाले, तेव्हा सौ.नी वहीतली तिसरी अट दाखवली. रात्री मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावून ठेवली. पहाटे उठून पाहिले तर पडद्यावर लाल ओळी! रॅममध्ये लिहिलेले आकडे वाचताना काही ठिकाणी वेगळेच येत होते.

यातला धोका मुलांनी नीट समजून घ्यावा. गेममध्ये एखादा आकडा चुकला तर कुठेतरी एका ठिपक्याचा रंग क्षणभर बदलतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. खतावणीत तोच आकडा चुकला तर एखाद्या दुकानदाराच्या नावावर भलतीच रक्कम पडते. संगणक त्याबद्दल काही कुरकुर करील याची खात्री नाही. बंद पडणारे यंत्र परवडले, पण चालू राहून खोटे बोलणारे यंत्र परवडत नाही.

या प्रोसेसरसाठी कंपनीने अधिकृतपणे दिलेली रॅमच्या वेगाची मर्यादा २९३३ आहे. चिरंजीवांनी कुणी न सांगता वेग तिथे आणला आणि पुन्हा रात्रभर चाचणी लावली. एकही चूक नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा लावली, तीही स्वच्छ. मग ग्राफिक्सचा ठोका १२५० मेगाहर्ट्झवरून टप्प्याटप्प्याने वाढवून पाहिला. गेममध्ये चार-पाच चित्रे वाढली, पण दुपारी तापमान ८५ अंशांपुढे सरकू लागले. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश. त्याने वहीत लिहिले, "फायदा थोडा, उष्णता जास्त. मूळ जागी आणले." ती ओळ वाचून मला दहावीच्या निकालाइतकाच आनंद झाला. संगणक आजही त्याच मापावर चालतो आहे आणि सौ.ची विवरणे वेळेवर जात आहेत.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते, की मूल वेगाचा हट्ट धरते तेव्हा त्याच्या हाती आधी वही द्यावी. काम नेमके कुठे अडते ते त्याने मोजून दाखवले की खर्च कुठे करायचा हे आपोआप कळते. कंपन्या ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. मुलांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. संगणक उघडण्याआधी वायर काढावी आणि वीजपुरवठ्याची एसएमपीएस पेटी कधीही उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरमध्ये वायर काढल्यानंतरही धोकादायक वीज शिल्लक राहू शकते.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. शाळेच्या संगणक कक्षातून जुनी यंत्रे निकालात निघतील, तेव्हा ती भंगारात देण्यापूर्वी त्यांतील दोन-तीन मुलांसाठी राखून ठेवावीत. रॅम वाढवून, एसएसडी बसवून, धूळ काढून त्यांतील किती पुन्हा कामाला लागतात ते मुलांनाच मोजू द्यावे. शनिवारी दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन यायला मी तयार आहे. वही मात्र मुलांनी आपापली आणायची.