सातवा रकाना

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती जे छापील कागद येतात ते साधारण ठरलेले असतात. हयातीचा दाखला, रक्ततपासणीचा अहवाल आणि कुणाच्या तरी नातवाच्या मुंजीचे निमंत्रण. गेल्या श्रावणात मात्र माझ्या हाती एक निराळाच कागद पडला. आमच्या चिरंजीवांनी तो इंग्लंडहून धाडला होता आणि त्याच्या माथ्यावर 'खलाशांची यादी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. यादीत चार नावे. तांडेल म्हणून चिरंजीव, मग सूनबाई, तिसरा खलाशी मी आणि चौथी आमची सौ.

ज्यांनी चांदे पाहिले असेल त्यांना याचे हसू येईल. मुळशी तालुक्यातले हे गाव. नांदे-चांदे अशी जोडीनेच त्याची ओळख सांगतात. रात्री गच्चीवर उभे राहिले की एका अंगाला हिंजवडीच्या कचेऱ्यांचे दिवे दिसतात आणि दुसऱ्या अंगाला डोंगर आणि काळोख. पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून पाणी उभे राहते, तेवढाच आमचा समुद्र. निवृत्तीनंतर निवांत जागा हवी म्हणून आम्ही इथे घर बांधले, आणि आता या घरातून दोन खलाशी थेट वेस्ट इंडीजला निघणार होते!

बेत असा. येत्या फेब्रुवारीत ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर जायचे, तिथे चाळीस फुटी शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि आठ दिवस या बेटावरून त्या बेटावर हिंडायचे. बोट मिळते ती नुसती बोट. तांडेल नाही, आचारी नाही. पुण्यात आम्ही लहानपणी तासाच्या बोलीवर सायकल घेत असू, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच की सायकलवाला फक्त "कुणाचा रे तू?" एवढे विचारी, आणि हे लोक तांडेलाची सगळी कुंडली मागतात : कोणत्या समुद्रात, किती दिवस, केवढी बोट हाकलीत, दाखले कोणते आहेत. चिरंजीवांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चार उन्हाळे घालवून हे दाखले मिळवले होते. मला त्याची कल्पना होती, पण फारशी चौकशी मी कधी केली नव्हती. का, ते पुढे येईल.

यादीत प्रत्येकापुढे सात रकाने होते. नाव, वय, पासपोर्टचा क्रमांक, आहाराची पथ्ये, चालू औषधे, संकटात कळवायचा पत्ता. हे सहा रकाने दहा मिनिटांत भरून झाले. पथ्यांच्या रकान्यात सौ.ने 'चतुर्थीचा उपास' असे लिहायला लावले. सातवा रकाना होता, 'पोहता येते का?'

सौ.चे माहेर गुहागरचे. कमरेला सुकलेला भोपळा बांधून ती विहिरीत पोहायला शिकली, आणि लग्नानंतरच्या पंचेचाळीस वर्षांत तिने पाण्यात पाऊल टाकले नव्हते. तरी तिने बेधडक 'होय' लिहिले. मी म्हटले, "उद्या लिहू माझं." आणि कागद पंचांगात ठेवून दिला.

मग बाकीची तयारी सुरू झाली. वेस्ट इंडीज म्हटले की आमच्या पिढीला पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन आणि ब्रिजटाऊन एवढेच आठवते. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिथे जिंकून आला आणि गावसकरने पहिल्याच मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, त्या वेळी वर्तमानपत्रातून ही गावे आम्हांला पुण्याच्या पेठांइतकी पाठ झाली होती. नकाशा पसरला तेव्हा कळले की आमच्या वाटेवर त्यांतले एकही नाही. लंडनहून अँटिगा आणि तिथून लहान विमान. ते जिथे उतरते त्या बेटाचे नाव 'बीफ आयलंड' आहे, हे मी सौ.ला अद्याप सांगितलेले नाही. इतर बेटांची नावे मात्र तिला फार आवडली. एकाचे नाव चक्क आले बेट आणि त्याच्या जवळच मीठ बेट! "आलं-मीठ तिथंच आहे, मग मी नेऊ काय?" ती म्हणाली. या मीठ बेटावर मिठाची तळी आहेत आणि तिथले रहिवासी इंग्लंडच्या राजाला वर्षाचा खंड म्हणून मिठाची एक गोणी देत. त्याच बेटाच्या खडकांवर १८६७ सालच्या वादळात 'ऱ्होन' नावाची टपालबोट फुटली. आज लोक तिचे अवशेष पाहायला हौसेने बुड्या मारतात. हा तपशील वाचून मी नकाशाची घडी घातली.

वादळाचे भय फेब्रुवारीत नाही, असे चिरंजीवांनी बजावून सांगितले. तिथली वादळे जून ते नोव्हेंबर. २०१७ च्या सप्टेंबरात 'इर्मा' वादळ आले तेव्हा याच बेटांवर नांगरलेल्या शेकडो बोटी वाऱ्याने एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात मात्र पूर्वेकडून एकसारखा व्यापारी वारा वाहतो आणि बेटे इतकी जवळजवळ आहेत की पुढचे डोळ्यांनी दिसते. सौ. म्हणाली, "म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेलेली असणार." कोकणच्या माणसाला समुद्राचे वेळापत्रक शिकवावे लागत नाही.

त्यानंतर सामानाच्या सूचना आल्या. कडक बॅग आणायची नाही, कारण रिकामी झाल्यावर ती ठेवायला बोटीत जागा नसते. घडी होऊन बाकाखाली सरकेल अशीच पिशवी हवी. चाके लावलेल्या बॅगांच्या या युगात मी माळ्यावरचा खाकी होल्डॉल काढला तेव्हा मला जो आनंद झाला, तो वर्णन करून सांगण्यासारखा नाही. बोटीवर पादत्राणे घालायची नाहीत, ती दाराशी टोपलीत काढायची. सौ. म्हणाली, "यात नवीन काय?" गोडे पाणी टाकीत मोजके असते, ते जपून वापरायचे, अंघोळ समुद्रात करून वर तांब्याभर गोडे पाणी घ्यायचे. स्वयंपाकाचा गॅस काम होताच मुख्य कळीपासून बंद करायचा. संडासात कागदसुद्धा टाकायचा नाही आणि नंतर दांड्याचा पंप मोजून मारायचा. एका खोलीत दोघांनी झोपायचे, उशाला भिंत आणि पायांशी भिंत. मी हे वाचत होतो आणि सौ. शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, हे तर आपलं गोखलेनगरचं घर झालं. ते पैसे कशाचे घेतात?"

तिच्या या अनुभवाला चिरंजीवांनीही मान दिला. कारण बोटीवर प्रेशर कुकर न्यावा ही तिची सूचना त्यांना अनुभवी खलाशाची वाटली. गॅस वाचतो आणि बोट कलली तरी झाकण घट्ट राहते. दोन पोटांच्या कॅटामरान बोटी कलत नाहीत म्हणे. पण त्यांचे भाडे बरेच चढे. आमची एका पोटाची, वाऱ्याबरोबर कलणारी. तिच्यातली शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट कितीही झुकली तरी ती आपली सपाट. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आल्याच्या वड्या यांचे डबे दिवाळीआधीच तयार झाले. मला काम नेमून दिले होते ते गाठीचे. 'बोलाइन' नावाची एक गाठ आहे. तिचा फास कितीही ताणला तरी आवळत नाही आणि काम झाले की सहज सुटतो. मी ती पायजम्याच्या नाडीवर घोकली. नाडीला ही गाठ मारू नये, एवढेच त्यावरून सांगतो.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दूध घालणारे आमचे पाटील सायकलीवरून, चुकलो, मोटारसायकलीवरून उतरून म्हणाले, "काका, पाण्यातच ऱ्हायचं तर मुळशीच्या धरणाव जावा की. एवढ्या लांब कशाला?" आणि मग थोडे थांबून, "आमच्या आज्याच्या मामाचं गाव हाये त्या पाण्याखाली." या तालुक्यात पाणी हा सहलीचा विषय नव्हे. १९२१ साली सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह मांडला, तो याच धरणात गावे बुडू नयेत म्हणून. गावे बुडाली ती बुडालीच. त्या पाण्यावर सह्याद्रीखाली भिऱ्याला वीज होते आणि ती मुंबईला जाते.

एवढे सगळे झाले तरी पंचांगातला कागद तसाच होता. दर रविवारी फोनवर चिरंजीव विचारत, "बाबा, यादी?" आणि मी म्हणे, "होय, देतो." शेवटी एके दिवशी कुणाला न सांगता मी जवळच्या वसाहतीतल्या पोहण्याच्या तलावावर नाव घातले. सकाळी साडेसहाचा वर्ग. त्यात सात ते दहा वयाची अकरा मुले आणि मी. शिकवणारा मुलगा बावीस वर्षांचा, नांद्याचा. पहिल्या दिवशी मी कठड्याची नळी जी धरली ती तास संपेपर्यंत सोडली नाही. चौथ्या दिवशी त्याने माझ्या पाठीखाली हात धरून मला उताणे निजवले. पाणी कानांत शिरले, सगळे आवाज बंद झाले, आणि मी त्याचे मनगट असे आवळले की त्यावर वळ उठले. तो काही रागावला नाही. "आजोबा," तो म्हणाला, "एकदा बुडाला होता का?"

मी बुडालो नव्हतो.

१२ जुलै १९६१, बुधवार. आम्ही शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर एका वाड्यात राहत होतो. मी सात वर्षांचा आणि दादा पंधराचा. दादा पट्टीचा पोहणारा. ओंकारेश्वरापाशी भर पुरात उड्या मारणाऱ्या पोरांत त्याचे नाव पहिले. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. आम्ही माडीवर गेलो, माडीवरून शेजारच्या उंच वाड्याच्या गच्चीवर. तळमजल्यावर एक म्हाताऱ्या काकू एकट्या राहत. दादा उतरला, त्यांना पाठुंगळी घेऊन जिन्यापर्यंत आला, माणसांनी त्यांना वर ओढले. काकू ट्रंकेसाठी रडू लागल्या. तेव्हा दादा हसत म्हणाला, "आणतो ना," आणि पुन्हा उतरला.

ट्रंक नंतर चिखलात सापडली. दादाही सापडला, दोन दिवसांनी.

पुढे पूरग्रस्तांना घरे मिळाली तेव्हा आम्ही गोखलेनगरला आलो. आईने त्या दिवसाविषयी आयुष्यात एकच वाक्य उच्चारले : "पोहता येत नसतं तर उतरला नसता." तिच्या लेखी यात सगळा हिशेब आला होता. मला तिने नदीवर जाऊ दिले नाही, विहिरीवर नाही, शाळेच्या सहलीत समुद्रावरही नाही. आणि तिचा हिशेब मी कधी तपासून पाहिला नाही. तो जसाच्या तसा माझ्या मुलावर चालवला. चौथीत असताना त्याच्या शाळेने पोहण्याचा वर्ग काढला. त्याने पायांवर डोके ठेवून परवानगीची सही मागितली. मी दिली नाही. कारण विचारले, तर "मी सांगतो म्हणून." भिंतीवरच्या फोटोतला मुलगा कोण, याचे उत्तर आमच्या घरात "तुझे काका, पुरात गेले" इतकेच असे. तीस वर्षांचा झाल्यावर तो परदेशात, माझ्यासारखाच लहान पोरांच्या वर्गात, पोहायला शिकला. हे मला सूनबाईकडून कळले, त्याच्याकडून नव्हे. तेव्हापासून रविवारचे आमचे फोन दहा मिनिटांचे. हवा, तब्येत, सौ.चा गुडघा.

आणि आता चाळीस फुटांच्या बोटीवर आठ दिवस त्याच्यासमोर बसायचे होते. होल्डॉल, कुकर, गाठी या साऱ्यांची तयारी मी इतक्या हौसेने का करीत होतो, ते त्या तलावाच्या कठड्याशी बसल्यावर माझ्या ध्यानात आले.

सहाव्या आठवड्यात मी उताणा तरंगलो. नांद्याच्या मुलाने मोठ्याने आकडे म्हटले आणि त्या अकरा पोरांनी त्याच्या सुरात सूर मिसळला. चाळीसपर्यंत. आकाश पांढरे होते, आणि पाणी कानांत असूनही आकडे ऐकू येत होते. घरी येऊन ओल्या केसांनीच मी पंचांग उघडले आणि सातव्या रकान्यात 'थोडे' असे लिहिले. सौ.ने ते वाचले, टॉवेल आणून दिला आणि काही बोलली नाही. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते म्हणे; क्लोरीनचा वास लपत नाही.

त्या रविवारी चिरंजीवांचा फोन आला. यादी मिळाली होती. "बाबा, हे 'थोडे' म्हणजे किती?" त्याने विचारले. आवाजात थोडी थट्टा होती, थोडी नव्हती. मी म्हटले, "चाळीस आकडे. उताणा." आणि मग, कधी ठरवले नव्हते तरी, बुधवारपासून सांगायला सुरुवात केली. काकू, जिना, ट्रंक. आईचे वाक्य. परवानगीचा कागद. किती वेळ बोललो कोण जाणे, सौ.ने मध्येच येऊन माझ्यापाशी पाण्याचे भांडे ठेवले एवढे आठवते.

तिकडून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. फोन तुटला की काय, असे मला वाटले.

"बाबा," तो म्हणाला, "काका उड्या कुठून मारायचे म्हणालात?"

"ओंकारेश्वरापाशी. कठड्यावरून."

"किती उंच असेल?"

मी पाण्याचे भांडे खाली ठेवले आणि त्याला सांगू लागलो.