पांढऱ्या रकान्यांची काशी

भावोजींच्या प्रवासतक्त्यात काठमांडूचे सगळे रकाने हिरवे होते. हिरवा म्हणजे पक्कं. मग नेपाळात पाऊस कोसळला, दरडी आल्या, रस्ते बंद पडले आणि वाराणसीच्या पुढचे रकाने पांढरेफटक झाले. टोरांटोहून भलीमोठी रजा काढून आलेल्या माणसाला रिकामा दिवस म्हणजे बुडालेलं भाडं वाटतं. बोधगया की खजुराहो, लखनौ की चुनार, यावर हॉटेलच्या गच्चीत रोज खल व्हायचा. ताईला कुठंच हलायचं नव्हतं. तिचे गुडघे अयोध्येतच बोलायला लागले होते.

हॉटेलबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. ‘गंगादर्शन खोली’ म्हणून जादा पैसे मोजले होते. दर्शन होत होतं, नाही असं नाही; न्हाणीघरात बादली उपडी घालून तिच्यावर उभं राहिलं की तावदानातून नदीची एक पट्टी दिसायची. मालक म्हणाला, “मैया तो मन में दिखनी चाहिए.” भावोजींनी यावर जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पावसाळा नुकता सरला होता. घाटाघाटांवर पुराचा गाळ साचलेला, आणि तो पाइपाच्या फवाऱ्यानं पुन्हा नदीत ढकलायचं काम चाललेलं. पायऱ्यांवरून या घाटावरून त्या घाटावर जायची वाट अजून मोकळी नव्हती. म्हणून नाव केली. नावाड्यानं आमचं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, “महाराष्ट्र से हैं? तब तो आधा घाट आप ही लोगों का है.” मग हात लांब करून एकेक दाखवत गेला. अहिल्याबाई घाट. मुन्शी घाट, नागपूरकर भोसल्यांच्या श्रीधर नारायण मुन्शींचा. पुढं भोसले घाट, शिंदे घाट. “और वो राजा घाट हम पीछे छोड़ आए, वो पेशवा का.”

कुठले पेशवे, म्हणून भावोजींनी माझ्याकडं पाहिलं. चुनारचा बेत तिथंच बुडाला.

माझं हे वेड जुनं आहे, आणि ते गोडसे भटजींनी लावलेलं. पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट 1857 साली काकांबरोबर घरून निघाले. डोक्यावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, लाखांनी दक्षिणा वाटणार, अशी बातमी कानावर आली होती. बेत सरळ होता: जायचं, दक्षिणा घ्यायची, परत यायचं. वाटेत बंड पेटलं. यज्ञ राहिला बाजूला, आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, तीर्थं करत फिरले आणि गंगेची कावड घेऊन घरी पोचले. ‘माझा प्रवास’ पुढं 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला. मराठीतलं हे अव्वल प्रवासवर्णन लिहिलं गेलं ते बेत फसला म्हणून. हे मी भावोजींना ऐकवलं. ते म्हणाले, “त्यांची हॉटेलं आगाऊ भरलेली नव्हती.”

बायजाबाई मात्र काशीत पावलोपावली भेटतात. शिंदे घाट त्यांनी 1830 च्या सुमारास बांधला. तो इतका अवजड झाला की खचला. त्याच्याशेजारचं कललेलं रत्नेश्वर मंदिर बघायला आणि फोटो काढायला नावांची रांग लागते. आम्ही रांगेत न थांबता पुढं गेलो. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडपही बाईंचाच, 1828 चा. विश्वनाथाच्या दर्शनाचं काय सांगू? अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभं केलेलं देऊळ मुळात लहानसं आहे. 2021 मध्ये खुल्या झालेल्या त्या भव्य प्रांगणातून रेलिंगांच्या वळणांनी आपण तिथवर पोचतो, आणि गाभाऱ्यासमोर वाट्याला येतो एक धक्का. दशाश्वमेधावरच्या आरतीला ताई गेली, मी गेले नाही. आरतीचा हा आजचा थाट 1990 च्या दशकातला आहे, आणि लाउडस्पीकर त्याहून तरुण.

आमच्या वाटाड्याला हे सांगून उपयोग नव्हता. त्याच्या लेखी काशीतली प्रत्येक भिंत पाच हजार वर्षांपूर्वीची. “ये भी?” म्हणून मी एका कमानीकडं बोट दाखवलं. “ये थोड़ा बाद का है,” म्हणाला, “तीन हज़ार.” कमानीवर पेशवाई धाटणीची केळफुलं कोरलेली होती. दुपारी त्याला चहा पाजून निरोप दिला.

खरा वाद माझा त्याच्याशी नव्हताच, अनंत सदाशिव आळतेकरांशी होता. बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकवणाऱ्या या आपल्या इतिहासकारानं 1937 मध्ये काशीचा इतिहास लिहिला आणि त्यात निर्वाळा दिला की आजची काशी बहुतांशी मराठ्यांनी घडवली. मराठी माणसाला हे वाक्य पेढ्यासारखं लागतं. मलाही लागायचं. पण मराठ्यांनी म्हणजे कुणी? ज्यांच्या हाती फौजा होत्या त्या पेशव्यांना काशी हवी होती, नानासाहेबांनी त्यासाठी जंग जंग पछाडलं, आणि ती मिळाली नाही. 1775 मध्ये अयोध्येच्या नवाबानं ती कंपनीला देऊन टाकली. अहिल्याबाईंनी विश्वनाथ बांधला तो कंपनीच्या अमलात. शिवाय राणी भवानीचं दुर्गाकुंड आहे, मानसिंहाचा मानमंदिर महाल आहे. तो काय मराठ्यांचा?

राजा घाट पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. हा अमृतराव पेशव्यांचा घाट. राघोबादादांचा हा दत्तक मुलगा. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या, दुसरा बाजीराव वसईला पळाला, आणि होळकरांनी अमृतरावांना पुण्यात कारभारावर बसवलं. मुलाला पेशवाईची वस्त्रं द्यायचं घाटत होतं. पुढच्याच वर्षी इंग्रज आले, आणि अमृतराव सात लाखांची सालिना घेऊन उत्तरेत आले. मग उरलं काय? दिवस. ते त्यांनी घाट बांधण्यात, देवळं उठवण्यात आणि दानधर्मात घालवले. 1824 मध्ये काशीत आलेल्या बिशप हेबरनं त्यांच्या दानाची नोंद करून ठेवली आहे: दरवर्षी आराध्यदेवतेच्या उत्सवाला ब्राह्मणांना आणि अंध-पांगळ्यांना तांदूळ आणि एक रुपया.

दुसरे चिमाजी आप्पा, दुसऱ्या बाजीरावाचे सख्खे भाऊ. 1796 मध्ये त्यांना काही महिने पेशवेपदी बसवलं आणि उतरवलं. 1818 नंतर तेही काशीत. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते, आणि भदैनीत मोरोपंतांना मुलगी झाली, तिचं नाव मणिकर्णिका. चिमाजी आप्पा वारले आणि तांबे ब्रह्मावर्तास गेले. भदैनीत आता झाशीच्या राणीचं स्मारक आहे, तिचा घोडा आहे. ज्याच्या आश्रयामुळे ती काशीत जन्मली त्याची पाटी मला दिसली नाही.

तेव्हा आळतेकर सर, मराठ्यांनी घडवली हे खरं. पण बरेच जण राज्य हातचं गेल्यावर आले, ज्यांना पुढं काही करायचंच उरलं नव्हतं ते. माझ्या या सिद्धांताला आडवे येतात ते कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर. पेशव्यांचे गुरू. हे भरभराटीच्या काळात आले, ब्रह्माघाट-दुर्गाघाट बांधून काढले आणि दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वसवली. त्यांच्याही आधी पैठणचे भट्ट. रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकात आले. मुलगा नारायण भट्ट यानं तोडरमलाच्या काळात विश्वनाथाचं देऊळ उभं करवलं. त्याचा पणतू गागाभट्ट 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला आला. आणि एकनाथांनी भागवत शके 1495 मध्ये पुरं केलं ते इथंच. सिद्धांत थोडा लंगडतो. लंगडू दे.

दुर्गाघाटावर नदीकडून जाता येत नव्हतं, म्हणून गल्ल्यांतून गेलो. एका बैलाला वाट देताना आम्ही ज्या दारात चढलो तिथं तुळशीपुढं रांगोळी होती, आणि ती ठिपक्यांची होती. आतून नऊवारीतल्या आजी आल्या.

“कुठले तुम्ही?”

“पुण्याचे. हे टोरांटोचे.”

“आत या. पाय पुसा हो, गाळ आहे.” चहा आला, बरोबर चकली. मराठी चोख, पण हेल बनारसी, पोराला हाक मारताना “अरे ओ गुरू!” आमच्या सासऱ्यांचे पणजोबा यात्रेला म्हणून आले ते राहिलेच, म्हणाल्या. का राहिले? “आता ते कोण सांगणार. परत जायला सोबत मिळाली नसेल.” भावोजींनी विचारलं, इथं दिवसभर करायचं काय असतं? आजींनी त्यांच्याकडं जरा दयेनं पाहिलं आणि पंचक्रोशीला जा म्हणाल्या. पाच दिवस पायी. गुडघे नसतील तर पहिला मुक्काम तरी बघा, कंदव्याला.

पंचगंगा घाटावरून परतलो. इथं बिंदुमाधवाचं मोठं देऊळ होतं, 1665 मध्ये फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएनं पाहिलेलं. औरंगजेबानं पाडलं आणि मशीद झाली. लोक तिच्या मिनारांना माधवरावाचा धरहरा म्हणत. आजचं बिंदुमाधव शेजारच्या घरात आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. पायऱ्या चढून गेलं तरी देऊळ आहे असं वाटत नाही. पुजाऱ्यानं औंधचं नाव आपण होऊन काढलं. ताई मिरजेची. तिला वाटलं, गावाकडचं कुणी भेटलं.

कंदव्याला रिक्षानं गेलो. कर्दमेश्वराचं देऊळ गाहडवालांच्या काळातलं मानतात. काशीत खरोखर जुनं, उभं राहिलेलं असं हे फार थोड्यांतलं एक, आणि ते शहराबाहेर आडवाटेला. पुढ्यात मोठा तलाव, त्यात म्हशी. कोरीवकामाची भिंत बोटांना खरखरीत लागते. एका मूर्तीच्या पोटावर कुणी चुन्यानं फोन नंबर लिहिलाय. भावोजी भिंतीला तीन प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, उद्या पुढचा मुक्काम, भीमचंडी. तक्ता उघडला नाही. ताईचा प्रश्न वेगळा होता. ठठेरी बाजारातली कचोरी सकाळीच संपते, आणि साडेदहा वाजून गेले होते. परतेपर्यंत कढई पालथी पडलेली. लौंगलत्ता मिळाला, पाकात बुडालेला, तिघांत एक घ्यावा असा. आम्ही तीन घेतले.