कोरा पेपर

"मावशी, तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नेमकं करतेस तरी काय?" माझ्या सहावीतल्या भाचीनं मे महिन्याच्या सुट्टीत मला विचारलं.

"प्रश्नपत्रिका तपासते."

"उत्तरपत्रिका म्हणायचंय ना तुला?"

"नाही गं, प्रश्नपत्रिकाच!"

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मित्रांनो, तुमचाही तसाच झाला असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉम्प्युटरवर तुम्ही चित्रं काढता, खेळ खेळता, गाणी ऐकता. या सगळ्यांच्या तळाशी एक प्रोग्रॅम सतत जागा असतो. त्याला कर्नल म्हणतात. (फौजेतल्या कर्नलसाहेबांचा इथे काही संबंध नाही. हा कर्नल म्हणजे बियांमधला गर, गाभा.) कोणत्या प्रोग्रॅमनं केव्हा काम करायचं, कोणाला किती जागा द्यायची, हे सगळं तोच ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली असा एक कर्नल लिहायला घेतला. तो म्हणजे लिनक्स. आज जगभरातले असंख्य सर्व्हर त्याच्यावर चालतात आणि घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच असतो.

आता एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच. चूक सापडली की दुरुस्त केलेला कर्नल आणायचा आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, ही झाली साधी रीत. पण मशीन रुग्णालयाचं असेल तर? बँकेचं असेल तर? मुंबईच्या लोकलला रविवारी मेगाब्लॉक घेता येतो, तसा इथे दर वेळी कुठून घेणार! म्हणून गाडी चालू ठेवूनच रूळ बदलायची युक्ती लोकांनी शोधली. तिला 'लाइव्ह पॅचिंग' म्हणतात, म्हणजे चालू कर्नलला ठिगळ लावणं. २०१४ साली रेड हॅट आणि सुसे या दोन कंपन्यांनी आपापल्या पद्धती पुढे आणल्या. दोन्हींना सामाईक असा पाया २०१५ साली लिनक्सच्या ४.० या आवृत्तीत आला.

युक्ती मोठी गमतीची आहे. कर्नल म्हणजे छोट्या छोट्या कृतींचं भलंमोठं पुस्तक समजा. प्रत्येक कृतीच्या, म्हणजे फंक्शनच्या, सुरुवातीला थोडीशी रिकामी जागा सोडलेली असते. कृती कधी वापरली गेली याची नोंद घेता यावी, हा त्या जागेचा मूळ हेतू. ठिगळ लावताना तिथे एक पाटी लावतात : 'जुनी कृती वाचू नका, नवी अमुक ठिकाणी आहे.' जुन्या कृतीला कोणी हातही लावत नाही.

अवघड भाग पुढेच आहे. एखादा प्रोग्रॅम जुन्या कृतीच्या अगदी मध्यावर असेल तर? अर्धी जुनी आणि अर्धी नवी कृती करून लाडू वळले तर काय होईल, ते आईला विचारा! म्हणून कर्नल प्रत्येकाकडे डोकावून बघतो. जो जुन्या कृतीतून बाहेर पडला असेल त्यालाच नव्या बाजूला घेतो. बाकीच्यांसाठी थांबतो आणि पुन्हा बघतो. शेवटचा गडी इकडे आला की कर्नल आपल्या रोजनिशीत, म्हणजे लॉगमध्ये, नोंद करतो : 'ठिगळ लावून पूर्ण.'

हे सगळं बरोबर होतंय ना, हे पाहायला चाचण्या असतात. तुमच्या घटक चाचणीसारख्याच, पण त्या मशीन स्वतःच घेतं आणि 'ओके' किंवा 'नॉट ओके' असा निकाल लावतं. लिनक्समध्ये या विषयाच्या चाचण्या २०१९ साली आल्या. त्यांतली एक मला फार आवडते. मशीन सुरू होताना त्याला काय सूचना मिळाल्या, हे दाखवणारी एक फाइल असते. चाचणी आधी ठिगळ लावते, मग ती फाइल वाचते. तिथे सूचनांच्या ऐवजी 'याला चालू असतानाच ठिगळ लावले आहे' अशा अर्थाचं वाक्य दिसायला हवं. ठिगळ काढलं, की जुन्या सूचना परत!

तर अशा चाचण्या दुसऱ्या कोणी लिहिल्या की त्या नीट आहेत का, हे मी बघते.

त्या दिवशी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलानं आमच्या वापरासाठी लिहिलेली चाचणी माझ्याकडे आली होती. मी ती वाचली. स्वच्छ लिहिलेली होती. तीनदा चालवली, तीनदा ओके. मी 'छान' असं लिहूनही टाकलं.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "आणि कोणी कोरा पेपर दिला तर ती नापास करते ना?"

"अर्थात," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मी ते करून कुठे पाहिलं होतं?

रात्री जेवणं झाल्यावर मी पुन्हा मशीन उघडलं. ठिगळ लावण्याची ओळच चाचणीतून पुसून टाकली. म्हणजे अगदी कोरा पेपर. चाचणी चालवली.

ओके!

माझ्या पोटात गोळाच आला. ठिगळ लागलेलंच नाही आणि निकाल पास? असल्या चाचणीच्या भरवशावर एखाद्या रुग्णालयाचं मशीन 'दुरुस्त झालं' म्हणून आम्ही सोडून दिलं असतं, आणि भोक तसंच राहिलं असतं.

कारण शोधायला तासभर लागला. चाचणी लॉगमध्ये 'ठिगळ लावून पूर्ण' ही ओळ शोधत होती. पण शोधत होती ती अख्ख्या लॉगमध्ये! सकाळी मी तीनदा चालवली तेव्हाच्या ओळी तिथे होत्याच. फळ्यावर कालचं उत्तर तसंच राहावं आणि आज ते बघून कोणीही पास व्हावं, तसं झालं होतं. मशीन नुकतंच सुरू केलेलं असतं तर ही चूक दिसलीच नसती.

त्या मुलाला फोन करायचा मला फार संकोच वाटला. चूक त्याची होती हे खरं, पण 'छान' मी लिहिलं होतं. सकाळी त्याला तसंच सांगितलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, मीपण ती नापास करून पाहिलीच नव्हती."

दुपारपर्यंत त्यानं दुरुस्ती केली. आता चाचणी सुरू होताना लॉगमध्ये स्वतःची एक खूण करते आणि त्या खुणेच्या पुढचंच वाचते. मी पुन्हा कोरा पेपर दिला. पडद्यावर अक्षरं आली : नॉट ओके.

"नापास झाली! नापास झाली!" मी फोनवर ओरडले. पलीकडून तोही ओरडला.

ताई हातातलं लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून धावतच आली. "अगं बाई, कोण नापास झालं?"

"कोरा पेपर, आई," भाची पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.