तीनदा बांधलेली भिंत आणि माझे एकोणतीस मार्क

सुरुवातीलाच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटचं पाखरू. दहावीपर्यंत वर्गात मराठी बोललं की दंड असायचा, त्यामुळे ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यात मी आजही गडबडतो. तेव्हा मराठी विभागाच्या सीनियरने “जपानला जाऊन आलास ना, मग लेख दे” असं फर्मान सोडलं तेव्हा मी मेसमध्ये तीन दिवस तोंड चुकवत जेवलो. चौथ्या दिवशी पकडला गेलो. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सांभाळून घ्या.

मार्चमध्ये आम्ही सिव्हिलचे आठ जण आणि दोन सर असे दहा दिवस जपानमधल्या सेंदाई शहरात होतो. हे तोक्योच्या उत्तरेचं, जवळजवळ अकरा लाख वस्तीचं शहर. तिथल्या विद्यापीठात भूकंपाचं काम चालतं ते बघायला गेलो होतो. लॅब, मशिनं, नकली भूकंप सगळं पाहिलं. पण लिहायचंय ते एका टेकडीबद्दल.

सहाव्या दिवशी दुपारी सुट्टी मिळाली आणि सगळे आओबा किल्ल्यावर निघाले. ‘किल्ला’ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर रायगड! प्रत्यक्षात चांगली डांबरी सडक, पंचवीस मिनिटांची चढण, आणि वर किल्लाच नाही. इमारती केव्हाच गेल्या. एक मोठा दरवाजा उरला होता, तोही जुलै 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाला. आता वर आहे ते उद्यान, एक देऊळ, खाण्याची दुकानं आणि घोड्यावर बसलेला दाते मासामुने. हा इथला सरदार. देवीच्या रोगाने लहानपणीच त्याचा उजवा डोळा गेला होता. त्याने 1601 मध्ये किल्ला बांधायला घेतला. पूर्वेला हिरोसे नदीवरचा कडा, दक्षिणेला खोल घळ. जागा निवडणारा माणूस पक्का सिव्हिलवाला असणार!

पुतळ्यापुढच्या कठड्यावरून सगळं सेंदाई दिसतं. खाली नदीचं वळण, पलीकडे उंच इमारती, मधूनमधून झाडांच्या रांगा. साकुरा फुलायला अजून वेळ होता. हवा स्वच्छ होती, त्यामुळे शहराच्या मागे पॅसिफिक महासागराची निळी रेघ दिसत होती. दोस्त लोक फोटोसाठी धक्काबुक्की करत होते. मी मात्र खिशातला मोबाईल घट्ट धरून उभा होतो.

कारण चढताना ग्रुपवर मेसेज आला होता. “रिझल्ट लागला.” अर्ध्या वाटेवर थांबून सीट नंबर टाकला. जिओटेकमध्ये ऐंशीपैकी 29. पासिंगला 32 लागतात. म्हणजे केटी. भूकंपाचं शास्त्र शिकायला जपानला आलेला मुलगा मातीच्या पेपरात उडाला, ही बातमी घरी कशी सांगायची? या दौऱ्यासाठी बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलंय.

चुकलं कुठे तेही पाठ होतं. बारा मार्कांचा प्रश्न. पाच मीटर उंच संरक्षक भिंत, मागे माती, मातीत वरपर्यंत पाणी. भिंतीवर एकूण जोर किती? मी मातीचा जोर काढला आणि पाणी विसरलो. अक्षरशः विसरलो! आकडे सांगतो म्हणजे विसरणं किती महाग ते कळेल. साधारण वाळूची माती कोरडी असेल तर अशा भिंतीवर मीटरमागे 75 किलोन्यूटन जोर येतो. तीच माती पाण्याने भरली तर 165 च्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त. त्यातला एकट्या पाण्याचा वाटा 122!

आमच्याबरोबर विद्यापीठातली एक पीएच.डी. करणारी ताई होती. जपानी. तिथे ‘ताई’ म्हणत नाहीत, नावापुढे ‘सान’ लावतात, पण माझ्या लेखी ती ताईच. माझं तोंड बघून तिने विचारलं, बरं वाटत नाही का? मी मोडक्या इंग्रजीत (हो, कॉन्व्हेंटचं इंग्रजीही अशा वेळी मोडतं) खरं सांगून टाकलं. ती हसली नाही. “मग तुला भिंत दाखवते,” म्हणाली आणि उद्यानाच्या उत्तर बाजूने खाली घेऊन गेली.

तिथे किल्ल्याची दगडी भिंत उभी आहे. सुमारे 17 मीटर उंच. आपल्या हॉस्टेलपेक्षा उंच! तासलेले चौकोनी दगड, सांधे असे की पोस्टकार्डही आत जाऊ नये. 1990 च्या दशकात ही भिंत फुगून पुढे झुकायला लागली, तेव्हा महापालिकेने दगडांना नंबर घालून ती पूर्ण उतरवली आणि 2004 पर्यंत पुन्हा रचली. ते काम चालू असताना आत काय सापडलं? आणखी एक भिंत. आणि तिच्याही आत आणखी एक.

सगळ्यात आतली मासामुनेची, ओबडधोबड दगडांची. ती 1616 च्या भूकंपात कोसळली. दुसरी बांधली, ती 1668 च्या भूकंपात गेली. मग तिसरी, आज दिसते ती. आधीचे अवशेष पोटात ठेवूनच ती पुढे उभी राहिली. दगडांच्या मागे गोट्यांचा जाड थर भरलेला, पावसाचं पाणी अडकू नये, वाहून जावं म्हणून. ताई म्हणाली, बघ, तुझ्या पेपरातलं पाणी.

मी मनात हिशेब केला. आम्ही शिकतो तो कुलोंबचा सिद्धान्त 1776 मध्ये छापला गेला, रँकिनचा 1857 चा. म्हणजे ही भिंत रचणाऱ्यांकडे दोघांपैकी एकही नव्हता. त्यांच्याकडे होत्या दोन पडलेल्या भिंती.

आणि गोष्ट तिसऱ्या भिंतीवर संपली असंही नाही. 2011 च्या मोठ्या भूकंपात किल्ल्यावरच्या इतर काही भिंती ढासळल्या, त्या परत रचल्या. मार्च 2022 च्या धक्क्यात मासामुनेच्या घोड्याचे पाय तडकले आणि पुतळा कलंडला. तो दुरुस्तीला गेला आणि 2023 मध्ये परत आला. तसाही हा पुतळा दुसरा. 1935 चा पहिला युद्धाच्या काळात धातूसाठी वितळवायला दिला होता, आत्ताचा 1964 चा. हे सगळं ताई अशा सुरात सांगत होती, जसं आपण सांगतो की नळ गळत होता, वॉशर बदलला.

आम्ही परत वर आलो. तिने झुंदा मोची खायला दिली. हिरवीगार पेस्ट बघून मला वाटलं चटणी, निघाली गोड. तेव्हा तिथले साडेचार वाजले होते, म्हणजे आपल्याकडे एक. बाबांची साइटवर जेवायची वेळ. बाबा बांधकामावर सुपरवायझर आहेत. कठड्याला टेकून फोन लावला.

“बाबा, रिझल्ट लागला. जिओटेक राहिला.”

“किती पडले?”

“ट्वेंटी नाइन.”

“म्हणजे एकोणतीस. इंग्रजीत सांगितले म्हणून वाढत नाहीत.”

मी गप्प. मग त्यांनी विचारलं काय चुकलं. मी सांगितलं, भिंतीमागचं पाणी धरायला विसरलो. पलीकडून बराच वेळ फक्त मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

“अरे, एवढी वर्षं माझ्या साइटवर येतोस,” बाबा म्हणाले, “भिंत मातीने पडत नाही, पाण्याने पडते, हे आमचा गवंडीसुद्धा सांगेल. परत फॉर्म भर. आणि जेवलास का?”

मला कर्जाबद्दल बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. “गोड चटणी खाल्ली” एवढंच म्हणालो. खाली सेंदाईत एकेक दिवा लागत होता.

परत आलो त्या रात्री हॉस्टेलच्या मागे चक्कर टाकली. आपली ती संरक्षक भिंत, जिच्यावर बसून आपण चहा पितो, तिच्यात पाणी जायला ठेवलेली भोकं तुम्ही कधी पाहिलीत? मी मोजली. सत्तावीस. त्यातली एकोणीस बंद. आत काय? वेफर्सची पाकिटं, सिगरेटची थोटकं, एक मोजा. सगळं आपणच कोंबलेलं. आणि भिंत मधोमध थोडी फुगलेली आहे, दोरी लावून पाहिली.

फेरपरीक्षेचा फॉर्म भरलाय. पेपर मेमध्ये आहे. त्याआधी, पाऊस यायच्या आत, पहिल्या रविवारी सकाळी आठला आम्ही सहा जण ती भोकं मोकळी करणार आहोत. वॉर्डन सरांनी पहारी द्यायचं कबूल केलंय. ज्यांना उठवेल त्यांनी यावं. चहा माझ्याकडून.

आणि तो मोजा ज्याचा असेल त्याने घेऊन जावा.