खंडाने दिलेला समुद्र

प्रिय किरिबाटी,

तुझ्याविषयी जे काही छापून येतं, त्यात तू एक तर बुडत असतोस, नाही तर बुडण्याची वाट पाहत असतोस. तुझे तेव्हाचे अध्यक्ष आनोते टोंग यांनी २०१४ मध्ये फिजीत जमीन घेतली, तेव्हा तर पत्रकारांनी तुझं तेरावंच उरकलं. मला तुझ्या जमाखर्चाच्या वहीत जास्त रस आहे.

जमीन ८११ चौरस किलोमीटर, तीही पॅसिफिकमधल्या ३३ बेटांत विखुरलेली. माणसं सव्वा लाखाच्या आसपास, त्यातली निम्म्याहून अधिक दक्षिण तारावाच्या चिंचोळ्या पट्टीवर दाटलेली. अळूच्या जातीचं बाबाई लावायचं, तरी गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणावा लागतो. समुद्र मात्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या अख्ख्या देशाच्या जमिनीपेक्षा जास्त. तुझं खरं शेत तेच. पीक स्किपजॅक ट्युनाचं, आमच्या कोकणातल्या कुप्याच्या भाऊबंदाचं. आणि हे शेत तू स्वतः कसत नाहीस, खंडाने देतोस.

खंड वसूल करायची तुझी रीत मला फार आवडते. १९८२ च्या नाऊरू करारातले तुम्ही आठ शेजारी २००७ पासून मासे विकतच नाही, दिवस विकता. परक्या पर्ससीन बोटीने तुमच्या पाण्यात एक दिवस घालवायचा, तर किमान ८,००० अमेरिकी डॉलर. बोट ८० मीटरहून लांब असेल, तर एका दिवसाचे दीड दिवस धरायचे. जाळं रिकामं आलं, तो बोटवाल्याचा प्रश्न. पूर्वी एकेकाला गाठून भाव पाडणारे आता आठांसमोर बसतात. पर्ससीनवरून दरवर्षी हमरीतुमरीवर येणाऱ्या आमच्या किनाऱ्याने निदान ही एकी तरी पाहावी.

पण हा हिशेबीपणा २००७ चा नाही, जुना आहे. ट्युना भटका मासा, त्याच्यावर किनाऱ्याच्या देशाचा हक्क नाही, असं अमेरिका म्हणायची आणि तिच्या बोटी त्या आधारावर फुकट मासे मारायच्या. १९८५ मध्ये तू सरळ सोव्हिएत संघाला परवाना देऊन टाकलास. ऐन शीतयुद्धात! परवाना वर्षभरच टिकला, पण १९८७ मध्ये अमेरिका पॅसिफिकच्या बेटांशी करार करून पैसे मोजायला तयार झाली. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झालेल्या देशाची ही चाल होती. तुला बिचारा म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगतो.

आता जे खटकतं ते. सरकारी तिजोरीतला निम्म्याहून कितीतरी जास्त पैसा या परवान्यांचा. एल निन्योच्या वर्षी गरम पाणी पूर्वेला सरकतं, मासा तुझ्या हद्दीत येतो आणि तिजोरी भरते. २०१५ असंच गेलं. वारं फिरलं की आटते. आणि एवढ्या माशाला तुझ्या माणसांचा हात क्वचितच लागतो. बराचसा मासा थेट बँकॉकच्या कारखान्यांत डब्यांत भरला जातो. बाहेरच्या बेटांवरचा माणूस खोबरं वाळवतो आणि सरकार ते बाजारभावाहून चढ्या दराने घेतं. पैसा वाटण्याची ही पद्धत वाईट नाही, पण तिला रोजगार म्हणवत नाही.

एकाच कमाईवर विसंबलं की काय होतं, याचा फॉस्फेटचा अनुभव तुझ्या गाठीशी आहे. बनाबा बेट खरवडून झालं आणि १९७९ मध्ये, नेमकं स्वातंत्र्याच्याच वर्षी, खाण बंद पडली. वाचवलं ते १९५६ मध्ये त्या कमाईतून सुरू झालेल्या राखीव निधीने. ज्यांचं बेट खरवडलं, त्या बनाबाच्या लोकांना मात्र १९४५ मध्येच फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं होतं. निधीचा अभिमान बाळगताना त्यांची आठवण ठेव. तुझ्याच फिनिक्स बेटांभोवतीचं राखीव पाणी २०१५ पासून व्यावसायिक मासेमारीला बंद होतं, ते पुन्हा उघडायचं तुझ्या सरकारने २०२१ मध्ये ठरवलं. त्यावरून जगाने तुला बरंच सुनावलं. ट्युनाचा डबा फोडत सुनावणं सोपं असतं, एवढंच म्हणतो. पण त्या वाढीव पैशातला किती निधीत जातो, यावर माझी नजर आहे.

कारण पाणी तापत चाललंय आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार ट्युना हळूहळू पूर्वेकडे, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्राकडे सरकणार आहे. समुद्र चढला तरी आमच्या सागरी हद्दी तिथेच राहतील, असं पॅसिफिकच्या देशांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. उत्तम केलं. पण रेघ जागेवर राहिली आणि मासा निघून गेला, तर खंड कशाचा मागणार? ज्यांच्या धुरामुळे मासा हलला, त्यांचीच जहाजं पलीकडे तो फुकट धरणार. म्हणून आतापासूनच मागणी लाव: तुमच्या पाण्यातून खुल्या समुद्रात गेलेल्या माशाचा वाटाही आठांना मिळाला पाहिजे. समोरचे म्हणतील, मासा भटका आहे, त्याच्यावर तुमचा हक्क कसला? हे तू आधी ऐकलेलं आहेस. तेव्हा काय केलंस, तेही त्यांना ठाऊक आहे.

तुझा,
कोकण किनाऱ्यावरचा एक मासेखाऊ