मागून घेतलेली शिक्षा

गवताच्या गंजीला आग लावायची आणि पळायचं मात्र नाही, कुणी पकडतंय का याची वाट बघायची. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, दुष्काळाने गावंच्या गावं ओस पाडली, त्या वर्षांत कितीतरी बायकांनी हे केलं. ‘ऑस्ट्रेलियाला पाठवावं म्हणूनच आग लावली,’ असं काहींनी कोर्टात सरळ सांगूनही टाकलं. किरकोळ चोरीला नुसता तुरुंग मिळण्याची भीती. जाळपोळीला हद्दपारीची खात्री जास्त.

काळं पाणी म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. या बायकांना ते दोन वेळचं जेवण वाटलं. मला राहूनराहून वाटतं, उपाशी बाईचा अर्ज सरकारने वाचला नसता. गुन्हा मात्र नोंदवून घ्यावाच लागला.

डब्लिनच्या ग्रँजगॉर्मन तुरुंगात त्यांना शिवण, धुणं शिकवत आणि मग जहाजावर चढवत. १८४० ते १८५३ या काळात तिथून तीन हजारांवर बायका व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला गेल्या. बरोबर पाचशेच्या आसपास मुलं होती. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा, आणि पोचण्याची हमी नाही: १८३५मध्ये कॉर्कहून बायकांना घेऊन निघालेलं ‘नीव्हा’ हे जहाज किंग बेटापाशी फुटलं, दोनशेहून जास्त जीव गेले.

तिकडे पोट भरलं, नाही असं नाही. पण त्याची किंमत लेकरांनी मोजली. शिक्षा म्हणून मालकाच्या घरी राबताना काही चुकलं किंवा दिवस गेले, की होबार्टच्या कॅस्केड्स ‘फॅक्टरी’त, म्हणजे बायकांच्या तुरुंगात, रवानगी. डोंगराच्या कुशीतली ओल, धुण्याची टबं, गर्दी. तान्ही मुलं तिथे पटापट दगावत. जगली, तर अंगावरचं दूध तुटल्यावर आईपासून काढून पुढे अनाथालयात. आई जिवंत असून अनाथ! पोटच्या पोराला असं सोडून देताना त्या बाईने मनात काय हिशेब केला असेल?

तो हिशेब सरकारी वह्यांत नाही. उंची आहे, डोळ्यांचा रंग आहे, नाकाची ठेवण आहे, गोंदण असेल तर तेही आहे. पुढे शिक्षांची यादी: दारू, परवानगीवाचून गैरहजर आणि, वारंवार, उद्धटपणा. कारकुनाने तो शब्द तक्रार म्हणून लिहिला. मला तो वाचून बरं वाटतं. इतकं सोसूनही मालकिणीला उलट बोलण्याइतकी धग त्यांच्यात उरली होती.